विंडो-आइजच्या स्क्रिप्ट्स एनव्हीडीए आणि जॉजमध्ये कशा न्यायच्या

स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, बाजारातून बंद झाला की दुसरा बसवायला फार वेळ लागत नाही. नव्या शॉर्टकटची सवय व्हायला काही आठवडे जातात, तेही जमतं. अडतं ते स्क्रिप्ट्सपाशी. कुणीतरी खपून एखाद्या मुक्या प्रोग्रामला बोलतं केलेलं असतं, आणि एखाद्याची रोजची नोकरी त्या चाळीस-पन्नास ओळींवर चाललेली असते. त्या ओळी नव्या स्क्रीन रीडरला समजत नाहीत.

विंडो-आइज या स्क्रीन रीडरच्या बाबतीत हे फार जणांना सोसावं लागलं. जीडब्ल्यू मायक्रो या अमेरिकन कंपनीने २००९ मध्ये ७ व्या आवृत्तीत स्क्रिप्टिंगची सोय दिली, आणि ती खुल्या मनाने दिली: कॉम, म्हणजे विंडोजमधल्या प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलण्याची पद्धत, वापरू शकणारी कुठलीही भाषा चालायची. बहुतेकांनी व्हीबीस्क्रिप्ट घेतली, काहींनी जेस्क्रिप्ट, काहींनी पायथन. पुढे या स्क्रिप्ट्सना ‘ॲप’ म्हणू लागले. २०१४ मध्ये कंपनी एआय स्क्वेअर्डमध्ये विलीन झाली, २०१६ मध्ये एआय स्क्वेअर्ड व्हीएफओ समूहाकडे गेली आणि मे २०१७ मध्ये विक्री थांबली. त्याच समूहात जॉज बनवणारी फ्रीडम सायंटिफिक होती, त्यामुळे ९ व्या आवृत्तीच्या वापरकर्त्यांना जॉज १८ वर विनामूल्य येता आलं. स्क्रिप्ट्स मात्र जिथल्या तिथे राहिल्या.

हा लेख अशा स्क्रिप्ट्स जॉज किंवा एनव्हीडीए या दुसऱ्या स्क्रीन रीडरमध्ये हलवू पाहणाऱ्या नवख्यांसाठी आहे. थोडंफार कोडिंग येत असेल तर उत्तम. येत नसेल तरी पहिला निम्मा भाग तुम्हाला एकट्याने करता येईल, आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा आहे. फाइलींची आणि आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. संगणकावर टाइप करताना ती रोमन लिपीतच लिहायची.

आधी जुनी फाइल बाजूला ठेवा

पहिला मोह होतो तो जुनी फाइल उघडून एकेक ओळ नव्या भाषेत उतरवण्याचा. तसं करू नका. जुन्या कोडमध्ये निम्म्या ओळी विंडो-आइजच्या स्वतःच्या अडचणींवर मात करण्यासाठी असतात. त्या अडचणी नव्या ठिकाणी नाहीत; तिथे वेगळ्या आहेत. तुम्हाला न्यायचा आहे तो स्क्रिप्टचा हेतू: कधी, कुठून, काय ऐकू यायचं.

म्हणून सुरुवात नोंदींपासून. जुना संगणक अजून चालू असेल तर तो इंटरनेटपासून तोडा, पण इतक्यात पुसू नका. स्क्रिप्टच्या सगळ्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्या, सोबतच्या मांडणीच्या आणि शब्दकोशाच्या फाइलींसह. मग प्रोग्राम उघडा, नेहमीचं काम नेहमीसारखं करा, आणि स्क्रीन रीडर जे बोलेल ते शब्दशः लिहा. कुठली की दाबली, कुठल्या खिडकीत होतो, काय ऐकू आलं, आणि काय ऐकू आलं नाही. शेवटचा मुद्दा नेहमी सुटतो. कितीतरी स्क्रिप्ट्सचं मुख्य काम गप्प बसवणं हेच असतं: दर सेकंदाला बदलणारं घड्याळ, सतत हलणारा प्रगतीचा आकडा, प्रत्येक ओळीआधी येणारं तेच ते शीर्षक. कोड वाचून हे पटकन लक्षात येत नाही. नव्या स्क्रीन रीडरवर कानाला त्रास व्हायला लागला की कळतं.

जुना संगणक बंदच पडला असेल तर जी व्यक्ती ती स्क्रिप्ट रोज वापरत होती तिच्याशी बोला. तिच्या बोटांना सगळं आठवत असतं. आणि स्क्रिप्ट दुसऱ्या कुणी लिहिलेली असेल, तर तिच्यावर आधारित काही वाटण्याआधी लेखकाची परवानगी घ्या.

किती स्क्रिप्ट्सची गरजच उरलेली नाही

यादी तयार झाली की नवा स्क्रीन रीडर कोणतीही स्क्रिप्ट न घालता त्याच प्रोग्रामवर चालवून बघा. दोन स्क्रीन रीडर एकाच वेळी चालू ठेवू नका. दोघेही त्याच की पकडायला बघतात आणि काय कुणामुळे झालं ते कळत नाही.

यादीतल्या बऱ्याच ओळी इथेच खोडल्या जातात. तळाची स्थितीपट्टी वाचायला स्क्रिप्ट होती? एनव्हीडीएच्या डेस्कटॉप मांडणीत एनव्हीडीए की (बहुधा इन्सर्ट) आणि एंड दाबलं की ती वाचली जाते, जॉजमध्ये इन्सर्ट आणि पेज डाउन. शीर्षकासाठी दोन्हीकडे त्याच कीसोबत टी आहे. चुकीचा उच्चार सुधारण्यासाठी स्क्रिप्ट होती? दोन्हीकडे त्यासाठी शब्दकोश आहेत, कोडची एकही ओळ लागत नाही. नाव नसलेल्या चित्रबटणांना नाव द्यायचं होतं? जॉजमध्ये ग्राफिक्स लेबलर आहे. एनव्हीडीएसाठी आधी ॲड-ऑन स्टोअर, म्हणजे वरून जोडायच्या भागांचं दालन, चाळा. तुमच्या प्रोग्रामसाठी कुणीतरी ॲड-ऑन लिहिलेला असण्याची शक्यता चांगली असते.

जे उरेल तेवढंच हलवायचं.

एनव्हीडीए की जॉज

एनव्हीडीए विनामूल्य आणि मुक्त स्रोत आहे, बहुतांश पायथनमध्ये लिहिलेला आहे, आणि त्याचे ॲड-ऑनही पायथनमध्येच लिहितात. म्हणजे तुमचा कोड एनव्हीडीएच्या आतल्या जवळपास प्रत्येक गोष्टीला हात लावू शकतो. जॉजची स्क्रिप्ट भाषा स्वतंत्र आहे, ती दुसरीकडे कुठे चालत नाही. पण जॉजची तयार फंक्शन्स भरपूर आहेत आणि कार्यालयात जॉजच असेल तर तेच शिकायला हवं. निवड तुमच्या हातात असेल तर मी एनव्हीडीए सुचवेन. एका उत्पादनाच्या बंद होण्याने ज्याचं काम अडलं आहे, त्याने पुढची मेहनत तरी अशा ठिकाणी करावी जिथे मूळ कोड सर्वांसमोर आहे.

जुनी व्हीबीस्क्रिप्ट तशीच ठेवून फक्त बोलण्याचं काम नव्या स्क्रीन रीडरकडे देता येईल का? जॉजच्या बाबतीत येतं: फ्रीडमसाय डॉट जॉजएपीआय हा कॉम ऑब्जेक्ट तयार करून त्याच्या सेस्ट्रिंगला मजकूर दिला की जॉज बोलतो. पण तो तात्पुरता पूल समजा. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हीबीस्क्रिप्ट निवृत्त करत असल्याचं जाहीर केलं आहे, विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून ती ऐच्छिक घटक झाली आहे आणि पुढे काढून टाकली जाणार आहे. आज त्यावर नवं काही उभारू नका.

प्रत्येक स्क्रिप्टचे तीन तुकडे

उरलेल्या प्रत्येक स्क्रिप्टसाठी तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. ती कशामुळे चालू होते? माहिती कुठून घेते? काय बोलते?

पहिल्याचं उत्तर शोधायला जुन्या कोडमध्ये रजिस्टरहॉटकी आणि कनेक्टइव्हेंट हे दोन शब्द शोधा. पहिला म्हणजे की दाबल्यावर, दुसरा म्हणजे काही घडल्यावर. तिसऱ्याचं उत्तर ‘स्पीक’ शोधून मिळतं. हे दोन्ही तुकडे नव्या ठिकाणी सहज बसतात. एनव्हीडीएमध्ये बोलण्यासाठी यूआय मॉड्यूलमधलं मेसेज हे फंक्शन आहे, आणि ते ब्रेल डिस्प्लेवरही मजकूर दाखवतं. जॉजमध्ये सेस्ट्रिंग किंवा सेमेसेज.

कस लागतो तो मधल्या तुकड्याचा. माहितीचा स्रोत तीन प्रकारचा असू शकतो आणि त्यावरून काम किती ते ठरतं.

स्क्रिप्ट थेट वर्ड किंवा एक्सेलसारख्या प्रोग्रामच्या कॉम ऑब्जेक्टशी बोलत असेल तर आनंद माना. त्या ओळींचा स्क्रीन रीडरशी संबंधच नाही. एनव्हीडीएसोबत कॉमटाइप्स हे पायथन पॅकेज येतंच, जॉजमध्ये गेटऑब्जेक्ट आणि क्रिएटऑब्जेक्टइएक्स आहेत. मांडणी बदलते, तर्क तोच राहतो.

स्क्रिप्ट खिडक्यांच्या झाडात फिरून, कंट्रोलचा (बटणासारख्या घटकाचा) क्रमांक किंवा वर्गाचं नाव बघून माहिती घेत असेल तर ते सगळे क्रमांक पुन्हा तपासावे लागतील, कारण दरम्यान प्रोग्रामही बदललेला असतो.

आणि स्क्रिप्ट ‘क्लिप्स’ वाचत असेल, म्हणजे पडद्यावर रंगवलेल्या मजकुराचे तुकडे त्यांच्या जागेवरून उचलत असेल, तर ते सर्वांत अवघड. विंडो-आइज विंडोजच्या चित्रणाच्या आज्ञा मधेच ऐकून स्वतःचा आराखडा बनवत असे. नवे प्रोग्राम मजकूर वेगळ्या पद्धतीने रंगवतात, तो अशा आराखड्यात येतच नाही. एनव्हीडीएमध्ये स्क्रीन रिव्ह्यू हा तसाच मार्ग आहे, पण तो जुन्या धाटणीच्या प्रोग्रामांपुरता उपयोगी. त्यामुळे क्लिप्सवर चालणारी स्क्रिप्ट हलवताना जागेचे आकडे विसरा आणि तोच मजकूर ऑब्जेक्टच्या, म्हणजे वेगळ्या घटकाच्या, रूपात कुठे मिळतो का ते शोधा. एनव्हीडीएची ऑब्जेक्ट नेव्हिगेशन इथे सर्वांत मोठं हत्यार आहे. अंकपट्टीवर एनव्हीडीए की आणि ८ ने वरच्या घटकावर, २ ने आतल्या घटकावर, ४ आणि ६ ने शेजाऱ्यांवर जा. पूर्वी जो मजकूर पिक्सेल मोजून मिळवावा लागायचा तो कित्येकदा यूआय ऑटोमेशनमध्ये (प्रोग्राममधल्या घटकांची माहिती देणाऱ्या विंडोजच्या सोयीत) नावासकट ठेवलेला सापडतो.

एनव्हीडीएमध्ये पहिली स्क्रिप्ट

एनव्हीडीएच्या सेटिंग्जमध्ये प्रगत हा विभाग उघडा. तिथली सूचना वाचून मान्य असल्याची खूण करा, आणि डेव्हलपर स्क्रॅचपॅडमधून कोड घेण्याचा पर्याय चालू करा. शेजारच्या बटणाने ते फोल्डर उघडतं. आत ॲपमॉड्यूल्स आणि ग्लोबलप्लगिन्स ही दोन फोल्डर महत्त्वाची. एका प्रोग्रामपुरती स्क्रिप्ट पहिल्यात, सगळीकडे चालायला हवी ती दुसऱ्यात. याच विभागात लॉगमध्ये (एनव्हीडीएच्या नोंदवहीत) त्रुटी आली की आवाज करण्याचा पर्याय आहे. तो चालू ठेवा. नाहीतर स्क्रिप्ट मुकाट्याने मरते आणि तुम्ही वाट बघत बसता.

आता प्रोग्राममध्ये जाऊन एनव्हीडीए, कंट्रोल आणि एफ १ दाबा. चालू असलेल्या प्रोग्रामच्या फाइलीचं नाव ऐकू येईल. तुमच्या पायथन फाइलीचं नाव तेच हवं, शेवटी डॉट पीवाय. मूळ नावात मधेच टिंब असेल तर त्याजागी अंडरस्कोर घालायचा.

पुढे हव्या त्या घटकावर ऑब्जेक्ट नेव्हिगेशनने पोहोचा आणि एनव्हीडीए व एफ १ दाबा. लॉग उघडतो, आणि त्यात त्या घटकाची सगळी माहिती असते: नाव, भूमिका, खिडकीचा वर्ग, कंट्रोलचा क्रमांक, यूआय ऑटोमेशनची ओळख. यातलं न बदलणारं काय ते ओळखायचं. प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा, दुसऱ्या नोंदीवर जा, पुन्हा तपासा. दोन्ही वेळा सारखं राहिलं तेच कोडमध्ये वापरा. नावावर विसंबू नका, प्रोग्रामची भाषा बदलली की नाव बदलतं.

समजा एका नोंदणीच्या प्रोग्राममध्ये कोपऱ्यात ‘उरलेल्या नोंदी’ असा आकडा असतो आणि जुनी स्क्रिप्ट की दाबल्यावर तो सांगायची. नव्या फाइलीत ॲपमॉड्यूल नावाचा क्लास करायचा, ॲपमॉड्यूलहँडलर मॉड्यूलमधल्या त्याच नावाच्या क्लासवर आधारलेला. त्यात स्क्रिप्ट या शब्दाने आणि अंडरस्कोरने सुरू होणारं एक फंक्शन, आणि त्याच्या डोक्यावर स्क्रिप्ट हा डेकोरेटर (फंक्शनला जास्तीची माहिती जोडणारी ओळ). फंक्शनच्या आत एपीआय मॉड्यूलच्या गेटफोरग्राउंडऑब्जेक्टने समोरची खिडकी घ्या, तिच्या मुलांमधून (आतल्या घटकांमधून) फिरत तुमची खूण जुळणारा घटक शोधा, आणि त्याचं नाव किंवा मूल्य यूआय मेसेजला द्या. घटक सापडलाच नाही तर ‘आकडा सापडला नाही’ असं बोलायला लावा. शांतता म्हणजे शून्य की बिघाड, हे ऐकणाऱ्याला कळत नाही.

डेकोरेटरमध्ये वर्णन नक्की लिहा. वर्णन नसलेली स्क्रिप्ट इनपुट जेस्चर्सच्या (कींची जोडणी ठरवण्याच्या) खिडकीत दिसत नाही. आणि की कोडमध्ये पक्की करण्यापेक्षा ती जागा मोकळी ठेवून त्या खिडकीतून की देणं मला जास्त योग्य वाटतं. विंडो-आइजमधली तुमची लाडकी की इथे आधीच कुणीतरी घेतलेली असू शकते. फाइल जतन करा, एनव्हीडीए, कंट्रोल आणि एफ ३ दाबा. प्लगिन नव्याने घेतले जातात, एनव्हीडीए पुन्हा सुरू करावा लागत नाही.

नाव नसलेलं बटण बोलतं करायचं असेल तर याहून सोपं. इव्हेंट अंडरस्कोर एनव्हीडीएऑब्जेक्ट अंडरस्कोर इनिट या फंक्शनमध्ये घटक ओळखायचा आणि त्याला नाव द्यायचं, बस. सुरुवात यानेच करा. दोन-तीन ओळींत फळ मिळतं आणि हुरूप येतो.

आपोआप बोलणाऱ्या स्क्रिप्ट्स

इथे जपून. फोकस आल्यावर काही सांगायचं असेल तर इव्हेंट अंडरस्कोर गेनफोकस लिहायचं, आणि त्यात नेक्स्टहँडलर (पुढचं नेहमीचं काम चालवणारं फंक्शन) बोलवायचंच. ते राहिलं तर एनव्हीडीएचं नेहमीचं बोलणं बंद पडतं आणि प्रोग्राम पूर्वीपेक्षा मुका होतो. अर्थात एखाद्या घटकाला गप्प करायचं असेल तर नेमकं त्याच्यापुरतं नेक्स्टहँडलर टाळणं हाच मार्ग.

फोकस नसलेल्या ठिकाणी बदललेला मजकूर ऐकायचा असेल तर नेमचेंज किंवा व्हॅल्यूचेंज हे इव्हेंट बघा. पडद्यामागच्या खिडकीचे इव्हेंट एनव्हीडीए गाळतो, त्यामुळे इव्हेंटहँडलर मॉड्यूलच्या रिक्वेस्टइव्हेंट्सने ते मागून घ्यावे लागतात. प्रोग्राम इव्हेंट पाठवतच नसेल तरच घड्याळ (टायमर) लावून बघत राहायचं.

आणि घड्याळ लावताना हा फरक पक्का लक्षात ठेवा. विंडो-आइजची स्क्रिप्ट बाहेरून कॉमद्वारे बोलत असे. ती थोडा वेळ झोपली तरी स्क्रीन रीडर चालू राहायचा. एनव्हीडीएमधला तुमचा कोड एनव्हीडीएच्या आतच चालतो. तिथे स्लीप लिहिलं किंवा लांबलचक लूप फिरवला की तेवढा वेळ स्क्रीन रीडरच थिजतो, आणि ज्याला पडदा दिसत नाही त्याच्यासाठी तो वेळ फार भीतिदायक असतो. जुन्या कोडमधलं प्रत्येक स्लीप शोधा आणि त्याऐवजी कोर मॉड्यूलचं कॉललेटर वापरा, म्हणजे काम थोड्या वेळाने करायला सांगून फंक्शन लगेच मोकळं होतं. लावलेलं घड्याळ टर्मिनेट फंक्शनमध्ये थांबवायलाही विसरू नका.

जुनी स्क्रिप्ट पायथनमध्ये असेल तर मजकूर कापण्या-जोडण्याचा भाग बराचसा उचलता येतो. पण एनव्हीडीए २०१९.३ पासून पायथन ३ वर आहे, त्यामुळे पायथन २ चा कोड आधी बदलावा लागेल. शिवाय एनव्हीडीएचा पायथन त्याच्या पोटातला असतो. संगणकावर वेगळी बसवलेली पॅकेजेस त्याला दिसत नाहीत, ती ॲड-ऑनसोबत द्यावी लागतात.

जॉजमध्ये नेताना

प्रोग्राममध्ये असताना इन्सर्ट आणि शून्य दाबलं की स्क्रिप्ट मॅनेजर त्या प्रोग्रामची फाइल उघडतो. कोड जेएसएस फाइलीत असतो, कंट्रोल आणि एस दाबलं की त्यातून चालणारी जेएसबी फाइल तयार होते, आणि कींची जोडणी जेकेएम फाइलीत राहते. कुठल्या स्क्रिप्ट्स लागू आहेत ते इन्सर्ट आणि क्यू सांगतं. जॉजमध्ये स्क्रिप्ट म्हणजे कीला जोडलेलं काम आणि फंक्शन म्हणजे आतून बोलावलं जाणारं काम. फोकससाठी फोकसचेंज्डइव्हेंट आहे. त्यात आपलं काम झाल्यावर मूळ फंक्शनकडे सूत्रं सोपवा, कारण तेच नेहमीचं बोलणं करतं. थोड्या वेळाने करायच्या कामासाठी शेड्यूलफंक्शन आहे, आणि त्यातला वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात. जुन्या कोडमधले मिलिसेकंद तसेच उतरवले तर स्क्रिप्ट शंभरपट उशिरा बोलेल.

डिफॉल्ट फाइलीला हात लावू नका. आणखी एक गोष्ट: ज्या प्रोग्रामसाठी जॉजसोबत स्क्रिप्ट येते, तिच्यात तुम्ही बदल केला की तुमची प्रत वापरकर्त्याच्या फोल्डरात तयार होते आणि पुढे जॉज तीच वाचतो. नव्या आवृत्तीत मूळ स्क्रिप्ट सुधारली तरी ती सुधारणा तुमच्यापर्यंत येत नाही. म्हणून काय बदललं त्याची नोंद ठेवा आणि आवृत्ती बदलली की तो बदल नव्या फाइलीवर पुन्हा करा.

दुसऱ्याच्या हाती देण्याआधी

सुरुवातीची शब्दशः नोंद आता बाहेर काढा आणि तेच काम नव्या स्क्रीन रीडरवर करा. शब्द वेगळे असले तरी चालतील. क्रम आणि वेळ मात्र जुळायला हवी. शक्य असेल तर ही चाचणी रोज वापरणाऱ्याला करू द्या, तुम्ही नुसतं ऐका. ब्रेल वापरणारं कुणी असेल तर त्यांच्याकडून वेगळी चाचणी करून घ्या, कारण लांब वाक्य कानाला चालतं पण ब्रेलच्या एका ओळीत मावत नाही.

एनव्हीडीएची स्क्रिप्ट इतरांना द्यायची तर तिचा ॲड-ऑन करा: फोल्डरात मॅनिफेस्ट डॉट आयएनआय ही ॲड-ऑनची माहिती देणारी फाइल, सगळ्याची झिप, आणि शेवटचं टोक एनव्हीडीए-ॲडऑन असं. मॅनिफेस्टमध्ये किमान कुठली आणि शेवटची तपासलेली आवृत्ती कुठली ते लिहावं लागतं. वर्षाच्या पहिल्या आवृत्तीत एनव्हीडीए जुन्या ॲड-ऑनशी नातं तोडणारे बदल करतो, त्यामुळे ती येण्याआधी तिची बीटा आवृत्ती पोर्टेबल प्रत म्हणून वेगळ्या फोल्डरात घ्या, ॲड-ऑन तिच्यावर चालवून बघा, लॉग वाचा, मगच मॅनिफेस्टमधला आकडा वाढवा. मूळ कोड, ती सुरुवातीची नोंद आणि विंडो-आइजची जुनी फाइल हे तिन्ही एकाच फोल्डरात ठेवा. पुढे हे काम ज्याच्याकडे जाईल त्याला तिन्ही लागतील.